दोनशे युरोंची पायपीट

गाइड या जमातीशी माझं कधीच जमलं नाही. पाचवीत असताना शाळेची सहल वेरूळला गेली होती. तिथे एका गाइडने आम्हा साठ पोरांना भर उन्हात उभं करून "हत्तीची सोंड तुटलेली आहे" ही माहिती तीन वेळा दिली. सोंड तुटलेली आम्हालाही दिसत होती. त्या दिवशी ठरवलं, आपण आपलं बघायचं, पाटी असेल तर वाचायची, नसेल तर भजी खायची. पुढे तर काय, फोनमध्ये नकाशा आला, विकिपीडिया आला, आणि गाइड लावणारी माणसं मला परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच शोधणाऱ्या पोरांसारखी वाटायला लागली. (मीही शोधायचो. तो वेगळा विषय आहे.)

अशा माझ्यासारख्या माणसाने २०२५ च्या ऑक्टोबरात इटलीत जाऊन एका बाईंना दोनशे युरो मोजले. कशाचे? तर सकाळी नऊ ते दुपारी एक माझ्याबरोबर चालण्याचे. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी दोन सेकंद गप्प बसली. मग म्हणाली, "वीस हजार रुपये? चालायचे? आणि चाललास तर तूच ना?"

तर झालं असं. प्रोजेक्टच्या शेवटच्या टप्प्यासाठी कंपनीने मला सहा आठवडे मिलानला पाठवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी टीममधला कोल्हापूरकर डेस्कवर आला. मला वाटलं, चॉकलेटं सांगायला आला असेल. पण हा म्हणतो, "फ्लोरेन्सला जाणारच असशील. गेलास की आमच्या महाराजांना भेटून ये."

"कोण महाराज?"

"राजाराम महाराज. तिथंच वारले. नदीकाठी छत्री आहे त्यांची."

आता मला माहीत असलेले राजाराम महाराज म्हणजे जिंजीचे. कोल्हापूरकर माणूस तांबड्या रश्शावरून थापा मारू शकतो, पण महाराजांवरून मारणार नाही, एवढं मला कळतं. म्हणून रात्री शोधलं, तर खरंच! करवीरचे छत्रपती राजाराम महाराज. जन्म १८५०. १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले, इंग्लंडला राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय वर्षं वीस. म्हणजे आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला असतात तेवढं.

फ्लोरेन्सच्या सगळ्या टूर्स पाहिल्या. ग्रुपने जाल तर तो भला मोठा घुमट, मायकेलअँजेलोचा डेव्हिड, सोनारांचा पूल, आणि शेवटी आइस्क्रीम. महाराजांकडे कोणीच नेत नव्हतं. शेवटी एका परवानाधारक गाइडबाईंना मेल टाकली. (तिकडे परवान्याशिवाय गाइड होता येत नाही, परीक्षा असते.) त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं : "इंडियानो लांब आहे. तिकडे कोणी मागत नाही, म्हणून मी नक्की येईन. चांगले बूट घाला."

सकाळी नऊ वाजता ओन्यीस्सांती नावाच्या चौकात भेट ठरली. समोर त्याच नावाचं चर्च, त्यात बोत्तिचेल्लीची कबर. मला वाटलं, आता चित्रकलेवर तासभर. पण बाई चर्चकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचा राजा या भागातल्या हॉटेलात उतरला होता. आपण इथून सुरू करू, आणि त्याला शेवटचं जिकडे नेलं तिकडे चालत जाऊ."

पन्नाशीच्या असतील. पायात ट्रेकिंगचे बूट, गळ्यात परवान्याचं कार्ड, बोलणं सावकाश. चालता चालता त्यांनी मला १८७० सालचं फ्लोरेन्स उभं करून दाखवलं. तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होतं, १८६५ ते १८७१. सप्टेंबरात इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या होत्या आणि राजधानी तिकडे हलवायची गडबड चालू होती. म्हणजे सगळं सरकार सामान बांधतंय, आणि अशात हॉटेलात एक विशीतला परदेशी राजा आजारी पडून मरतो. बरोबरची माणसं म्हणतात, आमच्या धर्माप्रमाणे दहन करायचं, तेही नदीच्या संगमावर. शहराने असलं काही पाहिलेलं नाही. तिथे माणूस पुरतात. परवानगी कुणी द्यायची, कुठल्या कायद्याने, काहीच ठाऊक नाही.

"आणि दिली?" मी विचारलं.

"दिली. त्याच रात्री."

रस्त्यात एका भिंतीवर छोटीशी पाटी होती. ४ नोव्हेंबर १९६६, आर्नो नदीचा पूर, पाणी इथवर. बाईंनी तिथे थांबून पाटीखाली आडवी रेघ होती तिच्यावर हात ठेवला. त्यांच्या आजीने तेव्हा आठवडाभर घरातला चिखल उपसला होता. चिखलात घरं गरम ठेवायच्या टाक्यांतलं तेल मिसळलेलं, त्यामुळे तो वास कपड्यांतून वर्षभर गेला नाही म्हणे. हे विकिपीडियावर नाही. वेरूळच्या सोंडेबद्दल माझ्या मनात जी अढी होती, ती इथे पहिल्यांदा थोडी हलली.

पुढे कास्चिने नावाचं लांबच लांब उद्यान लागतं, नदीच्या काठाकाठाने काही किलोमीटर. नावाचा अर्थ गोठे. पूर्वी इथे मेदिची घराण्याची गुरं असायची. इंग्रज कवी शेलीने १८१९ मध्ये पश्चिमेच्या वाऱ्यावरची ती प्रसिद्ध कविता याच झाडीत लिहिली. आता इथे लोक कुत्री फिरवतात आणि पळतात. तासभर चाललो तरी उद्यान संपेना. शनिवारी सकाळी सिंहगडावर जसे घामाघूम काका भेटतात, तसे इटालियन काका भेटत होते. फक्त पिठलं-भाकरी नव्हती.

आणि मग झाडी संपली तिथे महाराज दिसले.

खरं सांगतो, मी तयार नव्हतो. चार खांब, वर घुमटी, आणि त्या छताखाली फेटा बांधलेला एका मुलाचा रंगवलेला अर्धपुतळा. चार्ल्स फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला, १८७४ साली बसवलेला. वरच्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्याने आखला, तोच हा मँट. शेजारून आर्नो वाहते आणि तिला मुन्योने नावाचा, आपण ओढा म्हणू असा, एक प्रवाह येऊन मिळतो. हाच तो संगम. १ डिसेंबर १८७० च्या अंधाऱ्या पहाटे इथे चिता जळत होती आणि फ्लोरेन्सची माणसं कुतूहलाने बघायला जमली होती.

आपल्याकडे इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. संगम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घाट, दगडी पायऱ्या, आणि नारळ फोडणारं कोणीतरी येतं. इथे यातलं काहीच नव्हतं. बदकं होती. त्या मुलाने दौऱ्यात इंग्रजीतून रोजनिशी लिहिली होती, ती त्याच्या मागे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. म्हणजे तोही एका अर्थी आमच्यासारखाच, परदेशात दिवसभर बघायचं आणि रात्री बसून लिहायचं. फक्त तो परत आला नाही.

"छत्रपती," बाई एकदम म्हणाल्या. उच्चार जवळजवळ बरोबर होता, बहुतेक रात्री सराव करून आल्या असाव्यात. "याचा अर्थ काय?"

मी सांगितलं, ज्याच्या डोक्यावर छत्र असतं तो. आणि अशा बांधकामालाही आमच्याकडे छत्रीच म्हणतात. त्यांनी वर घुमटीकडे पाहिलं, मग खिशातून छोटी वही काढून ते लिहून घेतलं. दोनशे युरो मी दिले होते, आणि नोट्स त्या काढत होत्या!

फोटो काढून कोल्हापूरकराला पाठवला. त्याच्याकडे ऑफिस सुटायची वेळ झाली असावी. दोन जोडलेले हात आले. आणि लगेच दुसरा मेसेज : "हार नेला नाहीस व्हय?"

बाजूलाच एक मोठा पूल आहे, जाड तारांनी तोललेला, १९७८ मध्ये सुरू झालेला. त्याचं नाव 'पोंते आल्ल इंडियानो', म्हणजे त्या भारतीयाचा पूल. बाई म्हणाल्या, "रोज सकाळी रेडिओवर सांगतात, इंडियानोवर वाहतूक तुंबली आहे. लोक शिव्या देतात. कोण इंडियानो, कोणी विचारत नाही." आम्ही त्या पुलाखालच्या बाकावर बसलो, त्यांनी पिशवीतून दोन सफरचंदं काढली आणि तिथे खरी टूर सुरू झाली असं मला आता वाटतं.

त्यांनी विचारलं, तू कुठला? मी पुणे म्हटलं. मग पुण्याजवळचा लोणावळा. मग जरा शायनिंग मारायची म्हणून कार्ल्याची लेणी सांगितली. म्हटलं, आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य आहे, आणि त्यातले कित्येक खांब धेनुकाकट नावाच्या गावात राहणाऱ्या यवनांनी दान दिलेले आहेत, म्हणजे तुमच्या बाजूच्या लोकांनी. खांबांवर तसं कोरलेलं आहे. बाई खूश. मग लोहगड सांगितला. म्हटलं, यंदाच जुलैमध्ये मराठा किल्ले जागतिक वारशात गेले, त्या बारांत तो आहे. तुमचं फ्लोरेन्स १९८२ चं, आमचा लोहगड २०२५ चा. शिवाजी महाराजांनी तो १६५७ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात द्यावा लागला, १६७० मध्ये परत घेतला.

"छान," त्या म्हणाल्या. "आणि तुझं गाव? तिथे मी आले तर मला काय दाखवशील?"

गाव म्हणजे औंढे. लोणावळ्याच्या अंगाला, मागे डोंगर, पुढे भातखाचरं. आजोबांचं घर, तात्यांचं घर. मी चिंचवडला वाढलो, गावी गणपतीत जायचो, दोन दिवस राहायचो, तिसऱ्या दिवशी नेटवर्क नाही म्हणून कुरकुरायचो. काय दाखवणार? मी तोंड उघडलं आणि बंद केलं. सफरचंद खाल्लं.

खरं म्हणजे त्या क्षणी माझ्या खिशात गावाची एक गोष्ट होती. फोनवर. बाबांनी आदल्याच रात्री एक ब्रोशर पाठवलं होतं. आमच्या अठरा गुंठ्यांसाठी आलेल्या पार्टीचं. शेजारची जमीन त्यांनी आधीच घेतली होती, आमची मिळाली की बंगल्यांची स्कीम होणार होती. ब्रोशरवर पिवळसर भिंती, लाल कौलं, सुरूची झाडं आणि स्कीमला एका इटालियन गावाचं नाव. (नाव लिहीत नाही. उगाच नोटीस नको.) मी गंमत म्हणून बाईंना दाखवलं.

त्या हसल्या. खूप हसल्या. मग म्हणाल्या, "हे गाव माझ्या आजीच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे."

आजीचं घर आता त्यांचं नाही. ऑलिव्हची छोटी बाग होती, ती आणि घर वडिलांनी विकलं. विकत घेणाऱ्यांनी सुट्टीसाठी भाड्याने द्यायला काढलं, त्याला एक गोड नाव दिलं, जे त्या डोंगरात कधीच कशाचं नव्हतं. "आजीला प्रत्येक झाड नावाने ठाऊक होतं. मला सगळे पोप आणि सगळे ड्यूक पाठ आहेत. त्या घरात राहायला येणाऱ्यांना मी फ्लोरेन्स दाखवते. झाडांची नावं मी तिला कधी विचारलीच नाहीत. वाटलं, ती काय, आहेच." एवढंच बोलून त्यांनी घड्याळ बघितलं. एक वाजला होता. दोनशे युरो संपले होते. पण परतीच्या ट्रामपर्यंत त्या माझ्याबरोबर फुकट चालल्या.

आमच्या धंद्यात केटी नावाचा प्रकार असतो. नॉलेज ट्रान्सफर. जुना माणूस प्रोजेक्ट सोडून चालला की त्याच्याजवळ बसून त्याच्या डोक्यातलं सगळं काढून घ्यायचं. कुठलं मॉड्यूल का लिहिलं, कुठली ओळ हलवली तर काय कोसळतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं, त्या एका माणसाला माहीत असतं. आणि केटी नेहमी शेवटच्या आठवड्यात होते, घाईत, जेव्हा त्याचं लक्ष नव्या ऑफरकडे असतं. मिलानहून परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी मी गाडी काढली आणि औंढ्याला गेलो.

इथे एक कबूल करायला हवं. जमीन विकावी असं सगळ्यात जोरात म्हणणारा मीच होतो. वाकडला फ्लॅट बुक करायचा होता, बाबांच्या हिश्श्यातून डाउन पेमेंट होणार होतं, एक्सेल शीट तयार होती. बाबा हो-नाही करत होते. तात्या काहीच बोलले नव्हते. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पासष्टी पार, गुडघे गेलेले, शेत अजून तेच बघतात. त्यांचा मुलगा लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो.

"तात्या, मला जमीन दाखवा," मी म्हटलं.

"दिसतीया की समोर. काय दाखवायचं तिच्यात?"

"तसं नाही. चालत. सगळी. मी बरोबर येतो."

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग काठी घेतली.

भाताची कापणी झाली होती. खाचरांत नुसता खुंट उभा, एका कोपऱ्यात पेंढ्याची उडवी. उजवीकडे लोहगड, त्याची विंचूकाट्याची सोंड उन्हात पसरलेली. मी पहिल्याच बांधावर विचारलं, याला काही नाव आहे का? तात्यांनी असं बघितलं जणू मी माझंच नाव त्यांना विचारतोय.

"ह्ये लांबट. त्येच्या खाली म्हसोबाचं. त्येच्या अंगाला दगडाचं."

प्रत्येकाला नाव होतं! अठरा गुंठे म्हणजे साताबाऱ्यावर एक ओळ. प्रत्यक्षात पाच खाचरं, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. पाणी वरच्याचं भरलं की बांधाला तोंड पाडून खालच्यात सोडायचं, आणि किती सोडायचं, कधी बुजवायचं, हे ज्याला चुकलं त्याचं खालचं भात वाहून जायचं. दगडाच्या खाचरात बांधावर एक काळा धोंडा आहे. तात्या काठी त्याच्या मध्यावर टेकवून म्हणाले, "दोन हजार पाचच्या जुलैला पाणी हितवर. ह्यो धोंडा हलला न्हाय म्हणून बांध ऱ्हायला." मला एकदम ओन्यीस्सांतीजवळची ती पाटी आठवली. तिथे महापालिकेने कोरून ठेवलंय. इथे तात्यांची काठी आहे.

आधी इथे आंबेमोहर व्हायचा. मग वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी आला, तो जास्त उतरतो म्हणून सगळ्यांनी तोच लावला. राब कुठे भाजायचा, रोप कुठून काढायचं, कुणाच्या लावणीला कोण यायचं, सगळं चालता चालता. मी फोनवर रेकॉर्ड करत होतो. मधेच तात्या थांबून म्हणाले, "त्येच्यात काय बोलू? तुज्याशीच बोलतो." मी फोन खिशात टाकला.

सगळ्यात खालचं खाचर सगळ्यात मोठं, रस्त्याला लागून. ब्रोशरमध्ये तिथे क्लब हाउस दाखवलं होतं.

"आणि हे?"

"ह्ये फीचं."

"कसलं?"

"फीचं खाचर. तुज्या बापाच्या फीचं."

मग कळलं. माझ्या आजोबांनी ठरवलं होतं, या खाचरातलं भात घरात खायचं नाही, दुसऱ्या भातात मिसळायचंही नाही. लोणावळ्याच्या बाजारात विकायचं आणि त्याचे पैसे डब्यात वेगळे ठेवायचे. शाळेची फी, मग डिप्लोमाची फी, पुण्यातली खोली. बाबा त्या डब्यावर शिकले, चिंचवडच्या कारखान्यात लागले, आणि त्या नोकरीवर मी इंजिनिअर झालो. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"तात्या, तुम्ही किती शिकलात?"

"सातवी."

"मग पुढे का नाही?"

तात्या खाली बसले, गुडघा धरून. कापलेल्या भाताचा एक खुंट उपटला, मुळाची माती झटकली. "आरं, खाचर केवढं? त्यात एकाचीच फी बसायची. दोघांची न्हवती बसत."

एवढंच. रागाने नाही, रडत नाही, भात किती पोती झालं ते सांगावं तसं. मला मात्र पुढची पाच मिनिटं लोहगडाकडे बघत उभं राहावं लागलं.

शेवटी मी म्हटलं, "विकायला नको, तात्या. मी बाबांशी बोलतो." म्हटलं खरं, पण माझं मलाच कळत होतं, त्यात किती दम आहे ते. मी येऊन लावणी करणार होतो का? गुडघे तर त्यांचे होते.

"खुळा का काय?" तात्या म्हणाले. "मला आता चिखलात उतरवत न्हाय. पोराला गाडीतनं उतरायला येळ न्हाय. मजूर मिळंना. पडीक पडंल, त्यापरीस दे. आणि फीचंच हाय त्ये. तुज्या बापाची भरली, आता तुज्या घराची भर." मग उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन म्हणाले, "पर बरं झालं, इचारलंस. आजवर कुनी इचारलं न्हवतं."

संक्रांतीनंतर खरेदीखत झालं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी, फोटो, अंगठ्याचे ठसे. मी पहिल्यांदा तो कागद नीट वाचला. गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा. पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता. लांबट नाही, म्हसोबाचं नाही, दगडाचं नाही. फीचं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा कोड आहे, कमेंट एकही नाही. तात्यांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षरावर थांबून. सातवीपर्यंतचं अक्षर, पण वळणदार. माझ्यापेक्षा चांगलं.

फ्लॅट बुक झाला. गोष्ट गोड करायची म्हणून मी नाही म्हणत, पण एक चांगलं झालं. तात्यांच्या हिश्श्यातून गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, आणि दर दुसऱ्या रविवारी मी औंढ्याला जातो. आता पूर्ण गावाची केटी चालू आहे. माझ्या वहीत आत्तापर्यंत एकेचाळीस नावं झाली आहेत. खाचरांची, ओढ्यांची, वळणांची, एका चिंचेची. त्यातली निम्मी तात्यांना माहीत नव्हती, मग आम्ही दोघं काठी टेकत टेकत दुसऱ्या म्हाताऱ्यांकडे गेलो.

मागच्या महिन्यात ऑफिसातली चौघं म्हणाली, लोहगड करू, आता वर्ल्ड हेरिटेज आहे. म्हटलं, चला, पण आधी थोडं माझ्या गावातून. रस्त्याला लागून आता पत्र्याचं कुंपण आहे, वर लाल कौलांच्या बंगल्याचं चित्र, आणि ते इटालियन नाव. मी तिथे थांबलो. म्हटलं, या पत्र्यामागे एक खाचर होतं, त्याचं नाव फीचं. आणि सगळी गोष्ट सांगितली, डबा, डिप्लोमा, सातवी. ती चौघं गप्प उभी होती. कोल्हापूरकरही होता. शेवटी तोच म्हणाला, "तुमचंच होतं?"

"होतं."

त्याने पत्र्याच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. मग मागे वळून मला विचारलं, "आणि त्याच्या वरच्याचं नाव काय?"

त्या रात्री मी फ्लोरेन्सच्या बाईंना मेल लिहिली. म्हटलं, तुम्ही विचारलं होतं, गावाला आलात तर काय दाखवशील. आता दाखवता येईल. चार तास लागतील. पैसे नाहीत.

सकाळी उत्तर आलं होतं. एकच ओळ : "चांगले बूट घालून येते."